नाहीची शेपटं

माझा पुतण्या सहा वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदाच कागलजवळच्या आमच्या गावी राहायला आला. पुण्यात वाढलेलं पोर. दुपारी परसात हात धुऊन तो ओसरीवर आला, तेव्हा माझी आत्या सूप पुढ्यात घेऊन शेंगदाणे निवडत बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "जेवलास न्हवं?"

पोरगं जागीच थबकलं. "जेवलो मी! आख्खी भाकरी खाल्ली!" आवाज रडवेला. यात रडण्यासारखं काय झालं ते आत्याला कळेना. ती समजुतीनं म्हणाली, "आरं, मी बी त्येच म्हनत्ये. जेवलास न्हवं." झालं, डोळ्यांतून पाणीच आलं.

त्याच्या कानाला 'न्हवं' म्हणजे 'नव्हे', आणि 'नव्हे' म्हणजे नाही. भरल्या पोटी कुणी दोनदा 'तू जेवला नाहीस' म्हटलं तर मोठ्या माणसालाही राग येईल. आत्याच्या 'न्हवं'त मात्र नकाराचा कणही नव्हता. तो जेवला हे तिला ठाऊकच होतं, फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. नकाराचा शब्द तोच, पण पंचगंगेच्या काठी त्याचं काम 'हो' म्हणवून घेण्याचं आणि मुठेच्या काठी 'नाही' म्हणण्याचं. तेव्हापासून मला नाहीच्या मागे-पुढे लोंबणाऱ्या या बारक्या शब्दांचा नाद लागला तो लागलाच. मागे जाऊन पाहिलं तर हे शब्द आजचे नाहीत, आणि त्यांचा खोडसाळपणाही आजचा नाही.

सुरुवात यास्कापासून करावी लागते. इसवी सनाच्या कित्येक शतकं आधी होऊन गेलेल्या या निरुक्तकारानं शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. निपात म्हणजे वाक्यात इकडेतिकडे 'पडणारे' बारके शब्द. त्यांत 'न'चाही विचार आहे, आणि यास्क सांगतो ते वाचून माणूस चकित होतो. लोकांच्या बोलीत 'न' म्हणजे निषेध, पण वेदात त्याचे दोन अर्थ. एक 'नाही' आणि दुसरा 'सारखा'. नाकारणारा 'न' आणि उपमा देणारा 'न' यांचं रूप एकच. मग ओळखायचे कसे? जागेवरून. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी आला तर नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून आला तर उपमा. एक अक्षर एका शब्दाच्या अलीकडून उचलून पलीकडे ठेवलं की 'वाघ नाही'चा 'वाघासारखा' व्हावा, असा हा प्रकार.

आपल्याला हे फार जुनं आणि फार लांबचं वाटतं. पण जागेवरून 'नाही'ची जात बदलण्याचा खेळ आजच्या मराठीतही चालू आहे, रोज, आपल्या तोंडी. 'ते आले नाहीत' आणि 'ते नाही आले' ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात अनेकवचनाचा 'त' नाहीला लागला आहे. कारण मराठीतलं नाही हे चालणारं क्रियापद आहे: आहेस–नाहीस, आहेत–नाहीत. हिंदीच्या 'नहीं'ला हे जमत नाही, ते बिचारं सगळ्यांसाठी एकच. पण तेच नाही उचलून क्रियापदाच्या आधी ठेवलं की 'त' गळून पडतो. 'ते नाही आले.' 'नाहीत आले' असं म्हटलं तर कानाला खटकतं. म्हणजे एक पाऊल डावीकडे सरकताच क्रियापदाचा निपात झाला, आणि अर्थालाही वळण मिळालं. 'ते आले नाहीत' ही बातमी आहे. 'ते नाही आले' यात कुणीतरी दुसरं आलेलं असतं, किंवा त्यांची वाट पाहून झालेली असते.

नाहीत 'आहे' मुरलेलं आहे हे आपण विसरलो, याचा एक गमतीचा पुरावा गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या शहरी बोलीत सापडतो. 'नाहीये.' नाहीमध्ये आहे असताना वर आणखी एक 'आहे' चिकटवला. जुन्या वळणाच्या मास्तरांना हे रूप फार लागतं. मला लागत नाही. शब्दाच्या पोटातलं क्रियापद मेलं म्हणून लोकांनी बाहेरून नवं जोडलं, इतकंच. 'नकोय'चंही तेच.

आता शेपटांकडे वळू. पहिलं शेपूट 'च'.

शाळेतल्या व्याकरणात च, ही, देखील, मात्र यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. आधीच्या शब्दाचं सामान्यरूप न करता ती चिकटतात म्हणून शुद्ध. नाव सोवळं आहे, वागणूक तशी नाही. या 'च'चं घराणं मोठं जुनं. ज्ञानेश्वरीत तो 'चि' आहे. त्याच्या मागे महाराष्ट्री प्राकृतात 'च्चिअ', 'चेअ' अशी रूपं आहेत. बाराव्या शतकात गुजरातेत बसून प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रानं ती अवधारणेच्या, म्हणजे 'तेच, दुसरं नव्हे' असं बजावण्याच्या निपातांत नोंदवली आहेत. गुजरातीत हेच काम 'ज' करतो, तोही बजावणाराच.

होकारात 'च' सरळ वागतो: 'तूच', 'आजच', 'इथेच'. नकार आला की त्याच्या अंगात येतं. 'मीच जाणार नाही', 'मी जाणारच नाही', 'मी नाहीच जाणार' या तिन्ही वाक्यांत माणूस तोच, जाणं तेच, नकार तोच. पहिल्यात बाकीचे खुशाल जावोत, दुसऱ्यात हट्ट आहे, तिसऱ्यात भांडण होऊन गेलेलं आहे. 'सगळे आलेच नाहीत' म्हणजे मांडव रिकामा. 'सगळेच आले नाहीत' म्हणजे काही आले, काही राहिले, निदान माझ्या कानाला तरी. यजमानाला दोन्हींत केवढा फरक पडतो ते जेवणाच्या पानांचा हिशेब करणाऱ्याला विचारा.

आणि काही शब्द तर 'च' लागल्यावर नकाराशिवाय उभेच राहू शकत नाहीत. 'कोणी आलं' म्हणता येतं, 'कोणीच आलं' म्हणता येत नाही. 'कोणीच' म्हटलं की पुढे नाही आलंच पाहिजे. काहीच, मुळीच, कुठेच यांचंही तसंच. पण 'कधीच'कडे पाहा. 'तो कधीच आला नाही' म्हणजे एकदाही नाही. नाही काढून टाका: 'तो कधीच आला.' आता अर्थ 'फार पूर्वीच येऊन बसलाय, तू झोपला होतास.' मी एका परदेशी विद्यार्थिनीला मराठी शिकवत होतो तेव्हा या वाक्याशी तिनं अर्धा तास झटापट केली. एक नाही काढलं तर उरलेला अर्थ उलटा व्हायला हवा, ही तिची अपेक्षा रास्त होती. पण 'एकदाही नाही'चं उलट 'एकदा तरी' होतं, 'मघाशीच' होत नाही. मी तिला काही समजावू शकलो नाही. चहा केला.

'कोणीही'चं आणखी निराळं. 'कोणीही येईल' म्हणजे वाटेल तो. 'कोणीही आलं नाही' म्हणजे एकही नाही. हा 'ही' होकारात दार सताड उघडतो आणि नकारात तेच दार लावून घेतो. अर्थात 'ही' तोच आहे. शेवटच्या माणसापर्यंत मोजत जाणं एवढंच त्याचं काम, मग ती मोजणी येणाऱ्यांची असो की न येणाऱ्यांची.

अशा मोजणीच्या निपातांची एक जुनी गोष्ट संस्कृतात आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. वेदात 'चन' असा एक निपात आहे. त्याच्यात 'न' उघड दिसतो आणि 'सुद्धा नाही' असा त्याचा अर्थ. बहुतेकदा तो दुसऱ्या नकाराच्या सोबतीनं येतो, क्वचित एकटाही नकाराचं काम करतो. पुढे अभिजात संस्कृतात येईपर्यंत त्याच्या अंगातला नकार झिजला. 'कश्चन' म्हणजे नुसता 'कोणीतरी' झाला, आणि 'कोणी नाही' म्हणायचं तर बाहेरून नवा 'न' आणावा लागू लागला: 'न कश्चन'. पोटातला 'न' डोळ्यांना दिसतोय आणि कुणाला ऐकू येत नाही. आत्याच्या 'न्हवं'चं झालं ते पहिल्यांदाच झालेलं नाही.

उलट गोष्टही आहे. नकाराचा शब्दच नाही, आणि तरी नकार. 'मी थोडाच चोर आहे?' 'तो थोडाच ऐकणार?' यात नाही कुठे आहे? नुसत्या 'थोडा'ला 'च' लागला आणि प्रश्नाच्या सुरात वाक्य पालथं झालं. थोडंसुद्धा नाही, हा अर्थ 'थोडं'पासूनच निघाला.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यानं १९१७ साली नकारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं दाखवलं की नकाराचा शब्द उच्चारात क्षीण होत जातो, मग लोक त्याला टेकू म्हणून एखादा बारका शब्द लावतात, आणि कालांतरानं टेकूच घराचा मालक होतो. फ्रेंचमधला 'पा' मूळचा 'पाऊल'. 'पाऊलभरही जात नाही'मधला जोर देणारा. आज बोलीत मूळचा 'न' गळतो आणि 'पा' एकटाच 'नाही' म्हणतो. मराठीत टेकू पुष्कळ आहेत: मुळीच, अजिबात, काडीचं, तसूभर. पण आपल्याकडे टेकू मालक झालेला दिसत नाही. आपल्याकडे दिसतं ते मालकच टेकू झालेला. नकाराचा शब्द म्हातारा झाला की त्याला वाक्याच्या शेवटी ओसरीवर बसवतात, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला 'हो ना?' विचारत राहतो.

'ना' हा त्यातला सगळ्यात बोलका. 'येतोस ना?' 'ये ना!' 'सांगितलं ना!' पहिल्यात खात्री, दुसऱ्यात लाडीगोडी, तिसऱ्यात वैताग. नकार एकातही नाही. आणि गंमत म्हणजे नकारालाही तो लागतो: 'नको ना.' शाळेच्या गणितात दोन उणे मिळून अधिक होतं, इथे दोन नकार मिळून विनवणी होते. 'तिकीट मिळालं?' 'नाही ना!' ही हळहळ. 'पडला तर नाही ना?' ही धास्ती. त्यात 'तर' आणि 'ना' दोघं मिळून भीती धरून ठेवतात. त्यातला 'तर' काढला तर भीती निम्म्यानं कमी होते, 'ना' काढला तर प्रश्नच उरत नाही.

एसटीत हे रोज ऐकू यायचं. वाहकानं 'सुट्टे आहेत का?' विचारलं तर तो अजून आशेवर आहे. 'सुट्टे नाहीत का?' म्हणजे त्याला वाटतंय की आहेत आणि आपण लपवतोय. 'सुट्टे नाहीत ना?' म्हणजे त्यानं हात टेकले, तिकिटामागे पेननं बाकी लिहून द्यायच्या तयारीत आहे. 'नाहीतच का सुट्टे?' यानंतर मात्र पुढचे दोन थांबे बसमध्ये शांतता असे.

'का'चं सगळ्यात अजब काम 'असेना का' मध्ये आहे. 'येईना', 'जाईना', 'थांबेना' हे मराठीतलं एक खास नकारी रूप आहे. त्याला पुरुषवचनाचे प्रत्ययही लागतात, ते येईनात, तू येईनास. 'पाऊस थांबत नाही' ही हवामानाची गोष्ट, 'पाऊस थांबेना' म्हणजे आपण खिडकीत उभे आहोत आणि पाऊस हट्टानं आपलं ऐकत नाहीये. आता त्याला 'का' लावा. 'थांबेना का!' म्हणजे थांबला तरी चालेल. 'येईना का!' म्हणजे येऊ दे खुशाल, माझं काय जातंय. 'असेना का!' म्हणजे असलं तर असू दे. ऐन नकारी रूप आणि अर्थ चक्क परवानगीचा. रस्ता उघड आहे, 'तो का येऊ नये?' या प्रश्नातून 'येऊ दे'. पण बोलणाऱ्याला तो रस्ता आठवत नाही, त्याला फक्त खांदे उडवायचे असतात. घरात कुणी 'असेना का' म्हणालं की समजावं, विषय त्यांच्यापुरता संपला.

'तर' आणि 'तरी' यांतही तसंच. 'नाहीतर' म्हणजे अन्यथा, कधी धमकी, कधी पर्याय. 'नाहीतरी' म्हणजे काहीही केलं तरी तेच होणार होतं. आणि 'नाही तर काय!' म्हणजे शंभर टक्के हो. 'सासू जरा कडकच आहे बाई तिची.' 'नाही तर काय!' नाहीनं सुरू होणारं याहून जोरदार अनुमोदन मराठीत मला माहीत नाही.

आतापर्यंत मी बहुतेक घाटावरच्या, त्यातही छापील मराठीजवळच्या बोलीबद्दल बोललो. गावोगावी शेपटं बदलतात. वऱ्हाडात नाहीचं 'नाई' होतं आणि 'तर'चं 'तं': 'नाई तं काय!' बाईशी बोलताना 'नाई व', बरोबरीच्या मित्राशी 'नाई बे'. त्या एका अक्षरावरून समोर कोण उभं आहे ते भिंतीपलीकडे कळतं. कोल्हापूर-सांगलीकडे 'की' आहे: 'खा की', 'बस की', आणि नकाराला 'न्हाई की!' हा 'की' लागला की नकारात थोडं आश्चर्य आणि थोडा कांगावा येतो: मी कशाला घेईन, तुला माहीत नाही का? मालवणीत विचारपूस 'मां' लावून होते, 'बरा आसा मां?' आणि 'नाय मां?' हा प्रश्न ज्यानं मालवणी माणसाच्या तोंडून ऐकला त्याला ठाऊक आहे की त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं.

या सगळ्याचा नकाशा काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा. तिचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानं सिद्ध केला. पद्धत अशी की एकच गोष्ट, बायबलमधल्या उधळ्या मुलाची, प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची. नकाराच्या शोधासाठी ही गोष्ट सोन्यासारखी. तिच्यात उपाशी मुलाला कोणी काही न देणं आहे, आपण मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही अशी कबुली आहे, आणि शेवटी थोरल्या भावाचा रुसवा: आपण एकदाही शब्द मोडला नाही, तरी आपल्याला मेजवानीसाठी साधं करडूसुद्धा मिळालं नाही. 'कोणी', 'काही', 'एकदाही', 'सुद्धा', म्हणजे नकाराची निम्मी प्रजा त्या एका गोष्टीत आली. पण गोष्ट ठरलेली, वाक्यं ठरलेली. थोरल्या भावाला जर आत्यानं बोलतं केलं असतं तर तो 'करडू बी दिलं न्हाईस न्हवं?' म्हणाला असता. असल्या बोलण्यातल्या शेपटांना ठरलेल्या वाक्यांत फार वाव नव्हता. कागदावर नाही उतरतं, त्यामागचा उसासा सहसा उतरत नाही. कोर्टातल्या जबान्यांचंही असंच होतं म्हणतात. साक्षीदार म्हणतो 'मी नाही ना पाहिलं, साहेब', नोंद होते 'मी पाहिले नाही'. पहिल्यात पश्चात्ताप आहे, दुसऱ्यात नुसती माहिती.

त्या खंडात कोकणी मराठीच्या पोटात घातली होती. तो वाद इथे नको. पण नकाराच्या बाबतीत कोकणीनं जुन्या घरातली भांडी नीट मांडून ठेवली आहेत हे मान्य करायला हवं. 'दूद ना' म्हणजे दूध नाही, घरात नाही. 'हें दूद न्हय' म्हणजे हे दूध नव्हे, दुसरंच काही आहे. असण्याचा नकार वेगळा आणि 'ते' असण्याचा नकार वेगळा. मराठीतही नाही आणि नव्हे यांच्यात नेमका हाच भेद होता. ज्ञानेश्वरीत नाहीं, नव्हे, नोहे सगळे आपापल्या जागी आहेत, आणि 'झणें' म्हणून न जाणो, तसं न होवो, या धास्तीचाही एक शब्द आहे, तो आपण पार हरवला. आज पुण्या-मुंबईत 'हे दूध नव्हे' कोण म्हणतं? 'हे दूध नाहीये' म्हणतात. नाहीनं नव्हेची जमीन खाल्ली. नव्हे उरला तो भाषणात, 'इतकेच नव्हे तर' मध्ये, आणि आत्याच्या ओसरीवर. गोव्यातही 'न्हय?' विचारतात तेव्हा 'बरोबर ना?' असंच विचारत असतात. म्हणजे तिथे न्हय घरातलं कामही करतो आणि ओसरीवरही बसतो, कागलला त्याची घरातली कामं सुटली.

नकाराचा जो शब्द आपण बाहेर निर्यात केला तो मात्र नाही नव्हे, 'नको'. मना करण्यासाठी संस्कृतात 'मा' होता. पाणिनीनं त्याच्यासाठी क्रियापदाचा खास काळ नेमून दिला, आणि 'मा'च्या मागे नुसता 'स्म' आला तर दुसराही काळ चालेल अशी सवलत दिली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीसुद्धा नकारामागचं शेपूट पाहूनच क्रियापदाचं रूप ठरत होतं. गुजरातीनं तो 'मा' जपला, 'रड मा' म्हणजे रडू नको. मराठीनं तो सोडला आणि नको, नका, नकोस, नये हे कुटुंब उभं केलं.

१३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं दौलताबादेला आणली, वीस वर्षांनी बहमनी राज्य उभं राहिलं, आणि उत्तरेची बोली इथल्या मातीत दखनी झाली. ती माणसं मनाईसाठी आपला 'मत' घेऊन आली होती. इथे त्यांनी 'नको' उचलला आणि दामटून त्याचा 'नक्को' केला. जुन्या दखनी काव्यात तो आहे आणि आजही हैदराबादेत 'मेरेकू नक्को' म्हणजे संपलं. सोबत 'च'ही गेला: 'ऐसाइच', 'वोइच', 'नईंच'. मला यात नवल वाटत नाही. परक्या मुलखात बाजारात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा नकार शिकावा लागतो, आणि मग तो ठासून सांगावा लागतो. राजानं काय फर्मावलं ते फार्सीत राहिलं, भाजीवालीनं जे शिकवलं ते बोलीत टिकलं. मुंबईच्या हिंदीतही तेच दोघे जोडीनं फिरतात.

नको याच शब्दाला लागलेलं एक शेपूट मात्र ऐकवत नाही. 'नकोसा', 'नकोशी'. 'सा' म्हणजे काहीसा, तसा वाटणारा. 'ऊन नकोसं झालंय' म्हणताना त्यात काही वाकडं नसतं. पण मुलगीच झाली म्हणून तिचं नाव नकुशा किंवा नकोशी ठेवणारी घरं होती. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. शाळेच्या हजेरीत रोज कुणीतरी ते नाव पुकारत होतं, आणि ती 'हजर' म्हणत होती.

आता त्या 'न्हवं'कडे परत. न अधिक होय, त्यातून नोहे आणि नव्हे. बोलीत 'ह' पुढे सरकून न्हवं. आधी 'तू जेवलास, नव्हे?' असा खरा प्रश्न असणार, जेवलास की नव्हे. मग प्रश्नातला पर्याय विरला, स्वर खाली आला, आणि शब्द मागच्या क्रियापदाला चिकटला. 'मी म्हनतो न्हवं' यात तर प्रश्नही उरला नाही, नुसता दुजोरा. चनचं जे झालं, 'ना'चं जे झालं, तेच.

आणि आता नाहीची पाळी आहे असं मला दिसतंय. टीव्हीवरच्या चर्चा ऐका, कार्यालयातल्या बैठका ऐका. 'नाही, अगदी बरोबर आहे तुमचं.' 'नाही, म्हणजे मलाही तेच म्हणायचंय.' 'नाही, छान झालं की!' वाक्याच्या तोंडाशी नाही, आणि पुढे निखळ होकार. बोलणारा काहीच नाकारत नसतो, फक्त बोलायला जागा मागत असतो, खाकरावं तसं. काही लोक याची टिंगल करतात. मी स्वतः किती वेळा म्हणतो ते एकदा बायकोनं मोजलं, तेव्हापासून मी टिंगल बंद केली.

परवा आत्याचा फोन आला. वय झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्यानं आणि थोडक्यात बोलते. पुतण्या आता नोकरीला लागलाय, फोन त्यानंच उचलला.

"दिवाळीला येनार न्हाईस न्हवं?"

"नाही, येतो ना आजी."

तिकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मला वाटलं, आता इतक्या वर्षांनी पुन्हा गोंधळ. पण ती म्हणाली, "ये की मग," आणि फोन ठेवला.